चौदाचा डझन

ग्रंथालयाच्या तळघरात, बॉयलरच्या मागे,
अ‍ॅम्ब्रोझ टटल सतरा खोक्यांत भरून ठेवलाय.
वरच्या मजल्यावर तो तैलचित्रात असतो, मिस्टर टटल,
तिथली धूळ दुसरी बाई पुसते.
माझ्याकडे खोकी. यादी करायची, नंबर टाकायचे,
कसर लागलेले कागद वेगळे काढायचे.

पहिल्या खोक्यात एक शिंपला.
मिसिसिपीच्या गाळातला, तळव्याएवढा,
सात गोल भोकं पाडलेला.
सात भोकांतून सात बटणं निघाली
आणि कुणाकुणाच्या छातीवर जाऊन बसली.

एकोणिसाव्या वर्षी हा माणूस
उधारीच्या नावेतून नदीचा तळ खरवडत होता.
तिसाव्या वर्षी काठावर त्याच्या नावाचं धुराडं उभं राहिलं.
पन्नाशीत नदीतले शिंपले संपले.
नदीनं काही मागितलं नाही.
तिच्याकडे वकील नव्हता.

नवव्या खोक्यात मजुरीची वही.
अक्षर मोत्यासारखं.
तिच्यात डझन चौदाचा आहे:
पैसे बाराचे, दोन तुटफुटीची,
तुटली तरी दोन, न तुटली तरी दोन.
डाव्या पानावर कापणाऱ्यांची नावं,
लिंडक्विस्ट, हाव्हलिचेक, मॅकगिलिकडी, यॉस्ट.
उजव्या पानावर, त्याच शाईत,
मेथडिस्ट चर्चला ऑर्गन,
अनाथाश्रमाला हिवाळ्याचा कोळसा,
शाळेला पृथ्वीचे गोल, नग दोन.
या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात.
इथं दोन्ही हात समोरासमोर बसलेत
आणि ओळख दाखवत नाहीत.

यॉस्ट म्हणजे माझे पणजोबा.
शिंपल्याची भुकटी छातीत साठवून
ते टटलच्याच इस्पितळात वारले,
पांढऱ्या चादरीवर, एक पैसा न देता,
खिडकीतून नदी दिसत असताना.
पणजी म्हणायची, भला माणूस हो टटल.
मग जरा थांबून,
मोजायला तेवढा कच्चा.

सोळाव्या खोक्यात नर्सची डायरी.
विनिफ्रेड ओस्ट्रँडर, पेन्सिलीनं, त्रोटक.
*सूप अर्धं. झोप नाही.
सदरा स्वतःच घालणार म्हणाले.
पाच बटणं, अकरा मिनिटं.*
दुसऱ्या दिवशी चार बटणं, वीस मिनिटं.
त्यानंतरच्या मंगळवारी: *भोकं लहान झालीत म्हणाले.
झाली नव्हती. मी लावून दिली.
त्यांनी भिंतीकडे पाहिलं.*

त्याच आठवड्यातलं, शेवटच्या खोक्यातलं पत्र.
मोत्यासारखं अक्षर कुठल्या कुठे,
ओळी पाण्यावर काढल्यासारख्या.
वकिलाला लिहिलंय, जुन्या वह्या काढा.
प्रत्येक डझनामागे दोन,
पहिल्या दिवसापासून, व्याजासकट.
ज्याचे त्याला.

उत्तर टंकलिखित, सुबक, समास सोडून.
बरेच जण मरण पावले आहेत,
बरेच गाव सोडून गेले आहेत,
वारस शोधण्याचा खर्च मूळ रकमेहून अधिक.
आपल्या भावनांचा आदर राखून
त्याऐवजी एक ग्रंथालय सुचवतो.

खाली आडवी गेलेली सही.
मान्य केलं की नुसताच हात घसरला,
मला सांगता येणार नाही.

यादीत लिहिलं: पत्र, एक. उत्तर, एक.
बॉयलर धडधडला, थांबला.
म्हणजे हे दगडी खांब, या खिडक्या,
ओकच्या लाकडाचा लांबच लांब टेबल,
हे सगळं ते वरचं दोन.
आणि पणजी इथं एकदाही आली नाही,
तिला वाटायचं, आत जायला पैसे पडतात.

पाचला दिवे मालवायला वर गेले.
कोपऱ्यात एक मुलगा अजून वाचत होता,
भूकंपांवरचं काहीतरी, ओठ हलवत.
त्याच्या जॅकेटला चेन होती, बटण एकही नाही.
वाच अजून दहा मिनिटं, म्हटलं त्याला,
आणि घड्याळाकडे पाठ करून बसले.