एक घंटी

एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.
दोरी एकोणीस वर्षं माझ्याच हातात,
जालना-बीड, दिवसाला दोन फेऱ्या,
आणि स्वतःसाठी मी ती एकदाही ओढली नाही.

अंबडच्या स्टँडवर संडासाला कुलूप.
वडीगोद्रीला पाणी नाही.
शहागडचा पूल आला की खाली गोदावरी दिसायची
आणि मी मान घालून मशीनमधली तिकिटं बघायची,
वाहतं पाणी नुसतं दिसलं तरी नको व्हायचं.
गाडी थांबली की पुरुष वेड्या बाभळीकडे तोंड करतात.
मी सुटे मोजायची.

मग सुरू झालं ते.
ओटीपोटात तापलेला खिळा,
आणि जाऊन आलं तरी जायचं राहिलेलंच.
रात्रीतून सहादा, आठदा.
लघवी तपासली: काही नाही.
सोनोग्राफी: काही नाही.
दुर्बिणीचे पैसे सोसायटीतून काढले,
तिलाही आत कुणी भेटलं नाही.
सासू अंधारातून विचारायची, "काहून सारखी उठती गं?"
फाईल जाड होत गेली.

नुजहत डॉक्टरचा दवाखाना कादराबादेत, जिना चढून,
खाली पिठाची गिरणी, त्यामुळे खाट जरा थरथरते.
तिनं फाईल न उघडता बूट काढायला लावले.
"गाडीत उभ्या कशा राहता? दाखवा."
दाखवलं.
डावी मांडी सीटला रेटून, गुडघे ताठ,
खालचं सगळं वर ओढून धरलेलं, दातावर दात.
ती बघत राहिली.
"आत्ता तर गाडी थांबलेली आहे," म्हणाली.

मग टेबलावरची मोसंबी सोलली.
"ही फोड. तिच्यावर हा पापुद्रा.
पापुद्र्याला शेजारचा पापुद्रा धरून.
खाताना आपण हाच काढून फेकतो.
अंगात याला फॅशिया म्हणतात,
तळव्यापासून जबड्यापर्यंत सलग.
इकडे ओढलं तर सुरकुती भलतीकडेच पडते."

मला पटलं. खाकी ब्लाऊजचं अस्तर धुण्यात आटतं,
काचतं मात्र काखेत,
आणि आपण काखेला पावडर लावत बसतो.

सुया: घोट्याच्या आतल्या बाजूला, पोटरीत,
मांडीच्या मुळाशी, सिझरच्या शिवणीच्या दोन्ही अंगांना.
त्या शिवणीला बावीस वर्षांत कुणी हात लावून विचारलं नव्हतं.
दुखलं नाही असं म्हणणार नाही.
घोट्यातली सुई तिनं चिमटीत जराशी फिरवली,
आतलं काहीतरी तिच्याभोवती गुंडाळलं गेलं,
एक बारीक ओढ पाय चढत वर आली
आणि सुटला तो माझा जबडा.
मला माहीतच नव्हतं मी तो धरलाय.
खाली लाईट गेली, गिरणी बंद पडली.
मी तोंड उघडं टाकून पडले होते, लहान पोरीसारखी.

बरी झाले का? नाही, पुरती नाही.
अकरा वेळा जिना चढले.
रात्रीचे आठाचे तीन झाले.
कधीकधी खिळा येतो, बसतो, चहा न घेता जातो.
"अर्धं काम सुयांचं," डॉक्टर म्हणते,
"अर्धं तुमचं. श्वास पोटात उतरू द्या. दाबून धरू नका."

गेल्या मंगळवारी शहागडच्या अलीकडं
मी दोरी ओढली. एकदाच.
कचरू ढगेनं आरशात बघितलं.
"कोण उतरतंय, भामाताई?"
"मी."
अठ्ठेचाळीस माणसं गप्प.
हॉटेलवाल्याच्या सुनेनं मागची मोरी दाखवली, बादली भरून दिली.
बाहेर आले तर दाराशी तीन बाया उभ्या,
एकीच्या कडेवर लेकरू,
कुणाच्याच नजरेला नजर नाही.
"आम्ही बी जाऊन येतो ना," कडेवालीनं सांगितलं.
मी लेकरू धरलं.

गाडी अकरा मिनिटं लेट.
उशिराचं कारण लिहायला एक बोटभर रकाना असतो,
बीड येईपर्यंत मी पेन उघडं धरून होते.