पाटी

गळ्याला भोक पडलं त्याला येत्या नाताळात दोन वर्षं होतील.
स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले,
जसं लोको शेडमध्ये आम्ही म्हणायचो:
बेअरिंग गेलं, काढा.
सही सुगंधानं केली. माझा हात थरथरत होता.

त्याआधी अजनीच्या पत्र्याच्या मंदिरात
रविवारी संध्याकाळी मी वचन सांगायचो.
वीज गेली, माईक बंद पडला, तरी मागच्या बाकापर्यंत
आणि बाहेर पानठेल्यावर
खर्रा घोटत उभ्या पोरांपर्यंत जायचा आवाज.
खर्रा मीही खाल्ला. सतरा वर्षं.
बाप्तिस्मा झाला त्या आठवड्यात सोडला.
देवानं माफ केलं, घशानं नाही.

हिवाळे पाळक भेटायला आले,
डोक्यावर हात ठेवून म्हणाले,
त्याची काही योजना असेल, शांतवन.
मी पाटीवर लिहिलं,
जखऱ्याला नऊ-दहा महिनेच दिले होते.
ते हसले, मग हसायचे थांबले,
चहा न पिताच गेले.

मे महिना. मेडिकलला दर मंगळवारी तपासणी.
शेहेचाळीस अंश. व्हरांड्यातल्या कूलरला पाणी नाही,
नुसता गरम वारा फेकतो
आणि जुन्या वाळ्याचा वास.
फरशीवर माणसं: बालाघाटची, गोंदियाची, शिवनीची,
उशाशी स्टोव्ह, गाठोडं,
एक्स-रेची मोठी पिवळी पाकिटं.

तिथं ती बाई.
धानोऱ्याच्या पलीकडची, कपाळावर गोंदण.
नवऱ्याच्या गालाला फडकं बांधलेलं,
हातातली चिठ्ठी उलटी धरलेली.
खिडकीमागचा बाबू मराठीत ओरडला.
मग हिंदीत. मग आणखी मोठ्यानं,
जणू मोठ्यानं बोललं की गोंडी होते.

ती वळली. लाइनीत दोनशे माणसं,
आणि वळली माझ्याकडे.
मी सवयीनं बोट गळ्यावरच्या जाळीकडे नेलं,
मला बोलता येत नाही.
तिनं तसंच बोट
स्वतःच्या ओठांकडे नेलं.
मलाही नाही.

मग मी पाटी पुसली.
एक जिना काढला. नळ काढला, डावीकडे बाण.
शेक देतात ती खोली, तिच्या दारावरची लाल बत्ती.
पंचवीस शेक म्हणून पंचवीस लहान सूर्य,
पाटीवर मावेनात, शेवटचे चार लाकडी चौकटीवर.
तिनं बोटांच्या पेरांवर मोजले. परत मोजले.
मान हलवली.
दोन वर्षांत पहिल्यांदा मी कुणाशी बोललो
आणि काही कमी पडलं नाही.

रात्री सुगंधाला सारं लिहून दाखवलं.
पाटी तीनदा भरली.
ती पोळी उलटवत म्हणाली, झालं तर मग. हेच पाचारण.
मी लिहिलं, एवढं सोपं नको करू बाप्पा.

सोपं नव्हतंच. अकराव्या शेकानंतर म्हातारा गेला.
चौदा सूर्य उरले.
रुग्णवाहिकेत चढताना तिनं माझ्या मुठीत
वाळल्या मोहाची पुरचुंडी कोंबली,
आणि मला तिचं नावही माहीत नव्हतं,
विचारायचं चित्र कसं काढतात?

त्या रात्री मी प्रभूशी भांडलो.
पाटीवर नव्हे, आत,
जिथं आवाज अजून शाबूत आहे,
मागच्या बाकापर्यंत पोचेल एवढा.
उत्तर आलं म्हणणार नाही. खोटं कशाला.
पहाटे डोळा लागला, जाग आली
तेव्हा उशाशी मोहाचा वास होता
आणि सहाची बस चुकायला आली होती.

आता रोज जातो. डब्यात चार पोळ्या, दोन जास्तीच्या.
हिवाळे पाळक अधूनमधून विचारतात,
परत उभे राहाल का रविवारी, लिहून द्या, आम्ही वाचू.
बघू, असं मी मानेनंच सांगतो.

फाटकावरचा चौकीदार हाक मारतो,
ओ पाटीवाले, छिंदवाड्याची गाडी आली, या लवकर.
मी खिशातून नवा खडू काढतो, मोडतो.
अख्खा असला की फार किंचाळतो.