भोंगा वाजला नाही

टेबलावर नकाशा पसरलाय.
एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर चष्म्याचं घर,
उरलेले दोन कोपरे पुन्हा पुन्हा वळतात.
वळू देत.

मला जायचंय पोसिन्योला.
तिथे रूळ संपतात.
पोर्तोहून गाडी दोउरो नदीच्या कडेकडेनं जाते, जात राहते,
आणि मग पुढे नुसतं गवत.
तिथून टॅक्सी, वर, बदामांच्या उतारावर.
फेब्रुवारीअखेर फुलतात म्हणे.
फुललेच तर.

फोनवर गेस्टहाउसची बाई विचारते, किती जण?
एक.
म्हणजे तुम्ही आणि...?
म्हणजे मी.
ती जरा थांबते. मागे तिचा रेडिओ, भांड्यांचा आवाज.
खोली दोघांची आहे, म्हणते, दर तोच पडेल.
पडू दे.
माझं रेल्वेचं तिकीट वयामुळे अर्धं,
उरलेलं अर्धं त्या रिकाम्या उशीचं भाडं समजेन.
याहून महाग उशा पाहिल्यात मी.

चौतीस वर्षं या हातांनी सार्डिनची मुंडकी उडवली.
बोटी कधी येतील ते समुद्राला ठाऊक.
आल्या की भोंगा.
रात्री दोनला, जेवता जेवता,
एकदा तर सेलियाच्या बाप्तिस्म्याच्या केकवर सुरी टेकवलेली असताना.
मातोझिन्योसमध्ये दर कारखान्याचा सूर वेगळा,
आमचा जरा घोगरा, पडसं झाल्यासारखा,
गाढ झोपेतही ओळखू यायचा.
हातातलं टाकायचं आणि केसांना फडकं बांधत धावायचं.
त्यामुळे ठरवणं म्हणून जे असतं
ते मला कधी जमलंच नाही.
"येत्या मंगळवारी मी अमुक करणार"
हे वाक्य बोलायला जीभ वळायची नाही.

आता कॅलेंडरवर लिहिलंय:
मंगळवार. गाडी. सव्वानऊ.
आधी पेन्सिलीनं. मग दोन दिवसांनी, पेनानं.

अर्मिंदो होता तेव्हा तिकिटं त्याच्या खिशात
आणि खिडकी त्याची, कारण त्याला गाडी लागायची.
अकरा वर्षं झाली.
बसमध्ये खिडकीशी बसले की अजून
पोटात ढवळतंय का ते मी तपासून बघते,
त्याच्या वतीनं.

सेलिया लक्झेंबर्गहून म्हणाली,
आई, एकटी? आणि पडलीस तर?
पडले तर बदामाखाली पडेन,
असं मनात आलं. म्हणाले,
बूट घालणार आहे गं, नवे, रबरी तळाचे.

शनिवारी रंगीत तालीम केली.
बॅग भरली, कुलूप लावलं, चौथ्या मजल्यावरून निघाले.
तिसऱ्यावर इदालिनाच्या दाराशी दुसरा कोट काढून ठेवला.
दुसऱ्यावर केस वाळवायचं यंत्र आणि चांगले बूट.
पहिल्यावर बसून, हुश्श करून,
शहाणपणानं घेतलेली ती अर्धी फार्मसी.
रस्त्यावर आले तेव्हा बॅग एका हातात,
दुसरा हात मोकळा. काय करावं त्याचं कळेना,
शेवटी खिशात घातला.

मेट्रोच्या बाकावर वीस मिनिटं बसले.
तीन गाड्या जाऊ दिल्या.
परतताना बेकरीवाला मार्सियाल म्हणाला,
अरे वा, दोना देओलिंदा! कशी झाली सहल?
छान, म्हणाले.
अगदीच खोटं नव्हतं ते.

रात्री दोनला जाग आली. येतेच, सवय आहे.
कारखान्याच्या जागी आता फ्लॅट झालेत, बाल्कन्यांना काचा,
छपरावर एक समुद्रपक्षी उगाच पाय आपटत फिरत होता.
कान देऊन पडून राहिले बराच वेळ.
कोणी बोलावत नव्हतं.

उठले. दिवा लावला.
कॅलेंडरवरचा मंगळवार खोडला
आणि सोमवार लिहिला.
कारण काही नाही.
गेस्टहाउसच्या बाईला सकाळी कळवीन.