ड्युटी-चार्ट

गिरणाऱ्याला, टोमॅटोच्या शेडमागं आमचं आवार.
सहा कोंबड्या, आणि जूनपर्यंत
कोंबडा एकच. लाल, भरदार. फौजदार.
दुसरा आला हरसूलहून,
मेहुण्याच्या मोटारसायकलला लटकवलेल्या पोत्यातून.
काळाकुट्ट, मानेवर सोनेरी झाक.
अंग झाडलं, एकदा इकडं एकदा तिकडं बघितलं
आणि सातबारा आपल्या नावावर केला.
नातीनं त्याचं नाव ठेवलं डांबर.

पुढचं सांगायला नको.
पिसं पाण्याच्या टाकीत जाऊन पडली.
फौजदाराचा तुरा फाटला,
डांबरचा डावा डोळा संध्याकाळपर्यंत उघडेना.
मी मध्ये घमेलं धरून उभा,
घमेल्याला दोन्हीकडून चोची.
ही म्हणाली, "उद्या रविवारच आहे.
एकाचा रस्सा करते, भांडण मिटेल."
कांदा भाजायला ठेवलासुद्धा.

म्हटलं, थांब.
एकतीस वर्षं मेळा स्टँडला कंट्रोलर होतो मी.
पोपट गायखे आणि वाल्मीक शिंपी,
दोघेही पेठ रोडचे ड्रायव्हर,
एका टॉवेलवरून
डेपोत कॉलरी धरल्या होत्या त्यांनी.
साहेब म्हणाले, एकाला हलवा.
मी हलवलं नाही कुणाला. चार्ट बदलला.
गायखे रात्री पेठला मुक्कामी,
शिंपीला पहाटेची पेठ.
वर्षभर दोघं एकमेकांना दिसले
ते सावळ घाटात, काचेतून,
डिपर देण्यापुरते.

तर गोणपाटाचा पडदा लावला आवारात.
आवाज जाऊ दे, नजर नको.
दाण्याची पाटी एक ह्या टोकाला, एक त्या.
मध्ये विटा रचल्या, नातीची मोडकी सायकल टाकली,
कारण हरणाऱ्याला वळायला कोपरा लागतो.
मोकळ्या मैदानात हरलेला जाणार कुठं?
आठ दिवसांनी जागा बदलल्या,
ह्याच्या मातीत तो लोळला, त्याच्या मातीत हा.
कानशीनं पायांच्या आरी बोथट केल्या.
(फौजदारानं माझा अंगठा फोडला. हरकत नाही,
शिंपीनंही एकदा पंच फेकून मारला होता.)
हरसूलहून आणखी पाच कोंबड्या आणल्या.
मग एका रात्री दोघांना उचलून
अंधारात एकाच दांडीवर ठेवलं.
कोंबड्याला रात्री दिसत नाही,
आणि जे दिसत नाही त्याच्याशी वैर कसलं?

पहाटे फडफड.
बॅटरी घेऊन पळालो, एक चप्पल राहिलीच.
पुन्हा गोणपाट. पुन्हा आठ दिवस.
ही दारातून हसते आहे,
"रिटायर झालात म्हणे?"
तीनदा असं झालं. चौथ्यांदा
नुसती मान फुगवली दोघांनी,
आणि डांबर खाली बघून माती उकरू लागला,
जणू तिथं काहीतरी सापडायचं होतं त्याला.

मैत्री झाली म्हणणार नाही मी.
गायखे आणि शिंपीचीही झाली नव्हती.
गायखेच्या निरोपाला सगळा डेपो आला,
पेढे, हार, फोटो.
शिंपी आला नाही.
नंतर रजिस्टर चाळताना बघितलं,
त्या रात्रीची गायखेची पेठ मुक्कामी
शिंपीनं नेली होती. न विचारता. सही करून.

आता थंडी आहे. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात,
धूर आमच्या खुराड्यापर्यंत येतो.
सव्वाचारला फौजदार आरवतो.
डांबर जागा असतो, मला माहीत आहे,
दांडीवर त्याची नखं सरकलेली ऐकू येतात.
पण तो थांबतो.
गोधडीत मला घाटातलं वळण दिसतं,
एका गाडीचा उजेड खाली होतो,
दुसरी निघून जाते.
मग डांबर आरवतो. जरा जास्तच लांब.

ही उठते. म्हणते, रविवार आहे.
कांदा भाजते.
वांग्यात घालायला.