देठ

मे महिना, मानकापूर, रात्रीचे दोन.
कूलरचा वाळा सुकलाय
आणि स्क्रीनवर माझा लूप
चार जीबीच्या फाइलमधल्या एकेका बाइटला अडवून विचारतोय:
तू ओळीचा शेवट आहेस का?
नाही. तू? नाही. तू?
वीजमीटरच्या नोंदी. नुसत्या ओळी मोजायला तेरा सेकंद.

डोमाजी बावणे, घरमालक,
टाकी भरायला पाइप घेऊन वर आले. झोप नसते त्यांना.
चाळीस वर्षं संत्र्यांचे मोजणीदार,
आधी कॉटन मार्केट, मग कळमना.
सांगितलं त्यांना, जमेल तसं.
“एकेक काहून मोजून राहिला बाप्पा?
हाताले पाच येतात ना.”
पाइप टाकीत सोडून दाखवलं रिकाम्या हातांनी,
डाव्यात दोन, उजव्यात तीन,
लाभ, दोन, तीन, चार…
(एक म्हणत नाहीत ते. पहिला हात लाभाचा.)
टाकी भरून गच्चीभर पाणी.

मग मी विचारणं सोडलं.
बत्तीस बाइट एका हाती उचलले,
जुळलं तिथे एक, नाही तिथे शून्य,
नुसती बेरीज, कुणाचं तोंड बघायचं नाही.
चार वाजता आकडा भलताच कमी.
आठ बिटांचा खण दोनशे पंचावन्नपर्यंत निभावतो,
पुढच्याला गुमान शून्य होतो.

“शेकडा झाला का एक फळ बाजूले ठेवा लागते,
नाही त डोक्स्यातलं उतू जाते.”
हे सकाळी, तर्री-पोह्याच्या गाडीवर.
मी घरी येऊन खण भरायच्या आत
मोठ्या बेरजेत रिता करू लागलो.
ढिगाच्या तळाशी बत्तिसात न बसणारे उरतात, सतरा-अठरा.
ते एकेक. त्याला इलाज नाही.

पाऊण सेकंद!
आता माझे हात मोकळे
आणि डिस्कच टोपल्या आणते हळू.

पण एक ओळ कमी.
शेवटची. तिच्यापुढे कुणी एंटर दाबलं नव्हतं,
आणि हे यंत्र मोजतं ते ओळींचे शेवट.
जुना नियम; मी हात लावला नाही.
उघडून पाहिली फक्त:
मीटर क्रमांक, तारीख, वेळ.
आकडा लिहायचा राहिलेला.

“देठ तुटलेलं फळ आम्हीबी नाही धरत होतो,”
डोमाजी म्हणाले. “पह्यलं तेच सडते.”
मग करायचे काय त्याचं?
“खात होतो. संध्याकाळी, पोत्यावर बसून.”
गोड असायचं?

पाइप गुंडाळता गुंडाळता थांबले.
“हिशोबातलं कधी खाल्लंच नाही,
कशासंगं लावू बाप्पा