झीज

बत्तीस वर्षं कॅशच्या खिडकीत बसलो,
बोट ओल्या स्पंजावर, नजर नोटेतल्या तारेवर.
जाणारा पैसा मोजला सगळा.
राहिलेला पैसा पाहिला
तो रिटायर झाल्यावर, पैठणला,
बिस्मिल्लाबीच्या घमेल्यात.

धरणाने पाणी वर धरून ठेवलं तेव्हापासून
खालची गोदावरी चैत्रात उघडी पडते.
ती झारेकरी. सोनारगल्लीची धूळ धुणाऱ्यांची लेक.
गाळ गोल फिरवते, पाणी कडेने सोडते,
तळाशी उरतं ते जड:
छर्रा, खिळा, नथीचा फासा,
कधी शिशाचं एक चपटं बी,
एका बाजूला सोंड उचललेला हत्ती,
दुसरीकडे चार वर्तुळं, मधे फुली.
कुणीतरी ह्यावर तेल आणलं असेल, मूठभर मीठ,
किंवा भांडला असेल दुकानात,
खोटं आहे, बदलून दे म्हणून.

सुरुवातीला ती चिंचेने घासून आणायची,
दिवाळीच्या तांब्यासारखं लख्ख.
माझा चेहरा बघून एकदा म्हणाली,
'कोन मेलं का साहेब?'
म्हटलं, हो. तू हिरवं पुसलंस.
हजार वर्षं लागली होती त्याला.
तेव्हापासून मातीसकट आणते.

मग मी शिकवलं, जे मला
जालन्याच्या एका काटेवाल्याने शिकवलं होतं:
ठसा मध्यावर हवा, कड शाबूत हवी,
टांकसाळीचं नाव पुरतं उतरलेलं हवं,
आणि पाडणाऱ्याची चूक झाली असेल
तर मग सोन्याहून पिवळं.

उत्तरेला, देवगिरीच्या किल्ल्याखाली
एका सुलतानाने पितळेला सांगितलं, तू चांदी.
पितळेने ऐकलं. लोकांनीही ऐकलं,
नि चुलीशेजारी घरोघर टांकसाळ पेटली.
त्यातलं सरकारी कुठलं, घरचं कुठलं,
भिंग लावूनही मला कळत नाही.
दोन्हीला गिऱ्हाईक आहे.
मी हसत नाही त्याला.
एका नोव्हेंबरात माझ्या खिडकीबाहेर
रांग पार एसटी स्टँडपर्यंत गेली होती,
आणि आत माझ्या हाताखाली
हजाराच्या थप्प्या, रात्रीत रद्दी झालेल्या.

परवा तिने गळ्यातलं काढलं.
काळ्या दोऱ्यात हालीचा रुपया, चार मिनारांचा.
दोनच मिनार उरलेले, वर भोक.
आईचा. बीडच्या बाजारात
सात हालीला सहा कलदार मिळायचे, तेव्हाचा.
'ह्याचं काय येईल?'

मी सवयीने काटा काढला.
म्हटलं, ही लाखांनी पाडलेली. त्यात भोक. त्यात झीज.
चांदीच्या भावाने जाईल, तेवढंच.
नाणं कसं हवं, टांकसाळीतून निघालं
आणि कुणाच्या हाताला लागलंच नाही, असं.

'म्हंजे जे बाजारात गेलंच न्हाई, ते भारी?
आन् जे फिरलं, ज्यानं पोरांच्या तोंडात घास घातला,
ते मोडीत?'

मी उत्तर शोधत होतो.
ती स्वतःचा अंगठा बघत होती.
सकाळी रेशनच्या मशीनवर तीनदा टेकवला,
मशीन म्हणालं, ठसा जुळत नाही.
चाळीस वर्षं वाळूत घासलेला अंगठा,
हत्ती नाही, फुली नाही,
नदीतल्या गोट्यासारखा.

'इकायचं न्हाई,' म्हणाली, 'नुसतं इचारलं.'
दोरा गळ्यात, घमेलं काखेला,
आणि उतरली घाट.

माझ्याकडे एक वही आहे.
जे हातात आलं त्याची नोंद, घेतलं नसलं तरी.
धातू: चांदी.
वजन: दहा ग्रॅम आणि वर काही, भोक वजा.
टांकसाळ: हैदराबाद.
'अवस्था' ह्या रकान्यात
पेन टेकवून बसलो.
जुनं शाईचं पेन, गळतं.
कागदावर डाग गोल पसरत गेला,
रुपयाएवढा होईस्तोवर
मी उचललं नाही.