पिवळी

कुताइसीत नाझिब्रोलाने प्रिंटर घेतला, नव्वद लारींना.
शाईच्या चार डब्या एकशे दहाला.
दुकानदार हसला, ती नाही.

आठवड्याने जागा झाला की तो आधी
खळखळून चूळ भरतो
तिच्याच शाईने.

पियानोच्या शिकवणीचे तासाला पंधरा.
सुरांची पानं ती फिकट छापते,
मुलं डोळे बारीक करून वाजवतात.

आज पिवळी संपली,
म्हणून काळंही छापणार नाही म्हणतो.
काळ्याला पिवळीचं काय?
विचारलं तिने, मोठ्याने, घरात कुणी नसताना.

मग पट्टी घेतली. पाच-पाच रेघा.
फाउंटन पेनने एकेक सूर भरत बसली
दिवेलागणीपर्यंत.

गुरुवारी रेझिकोने सगळं नीट वाजवलं,
चुकून पडलेला शाईचा
एक ठिपकासुद्धा.

तिने टोकलं नाही.